अर्धवट कळलेला कायदा : अबकारी परवाने आणि सीमाभागातील मराठी

सीमाभागातील मराठी माणसाच्या भाषिक हक्कांविषयी बोलू लागलो की आपल्या डोळ्यांसमोर मराठी शाळा येते, जमिनीचा उतारा येतो, बसवरची पाटी येते, मतदारयादी येते. मद्याच्या दुकानात भिंतीवर काचेत बसवलेला परवाना मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. त्या विषयावर बोलणे प्रतिष्ठेचे नाही, असे आपण मनाशी धरून चाललो आहोत. परंतु ज्या सरकारी कागदातील एक शब्द चुकीचा समजल्याने माणसाचा धंदा बंद पडू शकतो, गाडी जप्त होऊ शकते, प्रसंगी कोठडीही घडू शकते, तो कागद भाषेच्या प्रश्नाबाहेर कसा राहील? म्हणून आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही मद्यविक्रीचे कैवारी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करावा असे राज्यांना सांगितले आहे, आणि त्यामागील हेतू आम्हाला मान्य आहे. १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्याचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही असे सांगितले. राज्य परवानगी देईल तेव्हाच, आणि राज्याने घातलेल्या अटींवरच हा धंदा करता येतो. नेमक्या याच कारणाने त्या अटी कोणत्या भाषेत लिहिल्या जातात याला महत्त्व येते. ज्या धंद्यात हक्क असा काही नाही, सर्व काही अटींवर आहे, त्या धंद्यात अट न वाचता येणारा मनुष्य सर्वस्वी दुसऱ्याच्या मर्जीवर असतो.

मद्यावरील कर हा राज्यांचा विषय आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ८ व्या नोंदीने मद्याची निर्मिती, बाळगणूक, वाहतूक, खरेदी व विक्री, आणि ५१ व्या नोंदीने त्यावरील उत्पादन शुल्क राज्यांकडे दिले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही मानवी सेवनाचे मद्य त्याबाहेर ठेवण्यात आले. त्यामुळे साबणाच्या वडीवर देशभर एकाच दराने कर लागतो, पण मद्याच्या बाटलीचा कर, परवाना आणि गुन्हा हे तिन्ही राज्याच्या सीमेवर बदलतात. बेळगावहून चोर्ला घाटाने गोवा आणि दुसऱ्या वाटेने चंदगड गाठता येते. एका दिवसाच्या प्रवासात माणूस तीन कायद्यांखालून जातो : कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी अधिनियम, गोव्याचा १९६४ चा अबकारी शुल्क अधिनियम आणि महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी अधिनियम. भाषा, पाहुणेरावळे, बाजारहाट आणि देवदेवस्की मात्र तिन्हीकडे सारखीच.

आमची खरी अडचण येथून सुरू होते. आम्ही वृत्तपत्रे मराठी वाचतो, वाहिन्या मराठी पाहतो. त्यांतून कळणारा कायदा बहुधा महाराष्ट्राचा असतो. म्हणजे जो कायदा आम्हाला मराठीत वाचायला मिळतो तो आमच्यावर लागू नाही, आणि जो लागू आहे तो मराठीत मिळत नाही. ही केवळ गैरसोय नव्हे. यातून चुकीचे ज्ञान घडते, आणि चुकीचे ज्ञान हे अज्ञानाहून घातक असते.

काही उदाहरणे पाहू. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी महाराष्ट्रात कोणाही गावात दिसते. तेथे देशी दारू हा परवानाप्राप्त प्रकार आहे. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून साराय, म्हणजे त्या राज्यातील स्वस्त परवानाप्राप्त देशी मद्य, बंद करण्यात आले. म्हणून 'देशी' हा जो शब्द चंदगडात सरकारी पाटीवर सन्मानाने लिहिला जातो, त्याच नावाचा माल खानापूर तालुक्यातील दुकानात सापडणे हा गुन्हा आहे. दुसरे उदाहरण परवान्याच्या क्रमांकाचे. महाराष्ट्रात 'सी.एल.-३' म्हटले की देशी दारूचे किरकोळ दुकान आणि 'एफ.एल.-३' म्हटले की परमिट रूम. कर्नाटकात 'सी.एल.' या अक्षरांचा देशी दारूशी संबंध नाही. तेथे 'सी.एल.-२' म्हणजे सीलबंद बाटली विकणारे दुकान, जेथे बसून पिण्यास मनाई आहे. 'सी.एल.-९' म्हणजे उपाहारासह बसून पिण्याचे ठिकाण, आणि 'सी.एल.-७' हा निवासाची सोय असलेल्या हॉटेलचा परवाना. अक्षरे तीच, अर्थ निराळा. तिसरे उदाहरण वर्षाचे. महाराष्ट्र व गोवा येथे परवान्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, तर कर्नाटकात अबकारी वर्ष १ जुलै ते ३० जून असे धरतात. मार्चअखेरची जाहिरात मराठी वृत्तपत्रात वाचून सीमेवरच्या दुकानदाराने आपल्या नूतनीकरणाचा हिशेब मांडला, तर तो चुकणारच.

ही उदाहरणे विक्रेत्यांची झाली. मद्य न विकणाऱ्या आणि न पिणाऱ्या माणसांचेही यात मोठे नुकसान आहे. महाराष्ट्रातील गावांत स्त्रिया एकत्र येऊन मतदानाने दारूचे दुकान बंद पाडतात. 'आडवी बाटली' आणि 'उभी बाटली' हे शब्दप्रयोग त्या मतदानातून मराठीत रूढ झाले. त्या बातम्या आमच्या भगिनीही वाचतात. 'आमच्या गावातही आडवी बाटली करू या' असे ठरवून ठराव घेतात, सह्या गोळा करतात, आणि कार्यालयात गेल्यावर त्यांना कळते की तो आदेश महाराष्ट्राच्या कायद्याखालचा असून येथे लागू नाही. येथे त्यांच्या हाती निराळी साधने आहेत. शाळा, देवालय, इस्पितळ यांपासून दुकान १०० मीटरांच्या आत नसावे, ही अट कर्नाटकाच्या परवाना नियमांत आहे. महामार्गालगतच्या दुकानांविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ५०० मीटरांची मर्यादा घातली आणि मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी ती २२० मीटरांवर आणली. पुढे नगरपालिका क्षेत्रांबाबत त्यात सूट मिळाली. गावातील स्त्रीने मतपत्रिका मागण्याऐवजी मोजपट्टी हाती घेतली असती, तर कदाचित तिची हाक ऐकली गेली असती. पण हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगितले?

आता थोडे शब्दांविषयी. कारण या प्रश्नाचे मूळ शब्दांत आहे आणि उपायही शब्दांतच आहे.

'अबकारी' हा शब्द फारसी. 'आब' म्हणजे पाणी. 'आबकारी' म्हणजे मद्य गाळण्याचा व विकण्याचा धंदा, आणि पुढे त्यावरचा कर. मुंबई इलाख्याचा १८७८ चा कायदा अबकारी कायदा म्हणूनच ओळखला जाई. महाराष्ट्राने पुढे या खात्याला 'राज्य उत्पादन शुल्क' असे नाव दिले. परंतु महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाचा 'अबकारी' शी संबंध तुटला नाही. बेळगाव, बिदर, भालकीत तो कन्नड कागदावर 'अबकारी' वाचतो, पणजीत अबकारी खात्यात जातो, इंदूर-ग्वाल्हेरात त्याला 'आबकारी विभाग' भेटतो, वडोदऱ्यात 'नशाबंधी अने आबकारी', आणि हैदराबादेतही तेलुगूतून तोच शब्द. पुण्या-मुंबईचा प्रमाण शब्द एक आणि बाकी सर्व मराठी वस्त्यांचा व्यवहारातील शब्द दुसरा, अशी ही स्थिती आहे. या बाबतीत जुना शब्द आम्ही टिकवला, असे म्हणण्यास हरकत नाही.

'गुत्ता' या शब्दाचेही तसेच. आज मराठीत तो हिणकस अर्थाने उरला आहे. पण गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही 'गुत्तेदार' म्हणतात, आणि कन्नडमध्ये 'गुत्तिगे' म्हणजे कंत्राट. मद्यविक्रीचा हक्क सरकार लिलावाने मक्त्यावर देई, म्हणून मक्तेदाराच्या दुकानाला गुत्ता हे नाव पडले. करवसुलीच्या एका जुन्या पद्धतीचा इतिहास या दोन अक्षरांत साठला आहे, आणि तो मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचा सामाईक इतिहास आहे.

सामाईक शब्दांचा असा आनंद असतो, तसा धोकाही असतो. कन्नड अबकारी कागदांत परवान्याला 'सन्नदु' म्हणतात. हा आपला 'सनद'च. वकिलीची सनद म्हणताना आपण तोच अर्थ घेतो. येथे वाचकाची फसगत होत नाही. खरे तर महाराष्ट्राच्या शासकीय मराठीतील 'अनुज्ञप्ती' पेक्षा कन्नड 'सन्नदु' सामान्य मराठी माणसाला अधिक लवकर कळेल, हे आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. 'दंड', 'जप्ती', 'रद्दु', 'अर्जी' हेही तसेच ओळखीचे. पण 'परवानगी' पाहा. मराठीत परवानगी तोंडीही असू शकते. 'साहेबांनी परवानगी दिली आहे' एवढे म्हणून आपण कामाला लागतो. कन्नड कार्यालयीन भाषेत 'परवानगी' म्हणजे रीतसर लेखी परवाना. आणि सर्वांत घातक शब्द 'अमानतु'. मराठीत अमानत म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. अनामत रक्कम आपण रोज बोलतो. कन्नड कार्यालयीन भाषेत 'अमानतु' म्हणजे निलंबन. 'सन्नदु अमानतु' असे शब्द असलेली नोटीस ज्याला लिपी जेमतेम वाचता येते अशा दुकानदाराच्या हाती पडली, तर आपल्याकडून अनामत रक्कम मागितली आहे असे समजून तो दुकान उघडे ठेवील. निलंबित परवान्यावर केलेली प्रत्येक विक्री ही विनापरवाना विक्री ठरते. एका शब्दाच्या गैरसमजातून चूक गुन्ह्यापर्यंत जाते, ती अशी.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते : कायद्याचे अज्ञान ही सबब नाही. हे तत्त्व आम्ही मानतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जयपूर संस्थानाचा १९२३ चा अफूविषयक कायदा आला. तो मंत्रिमंडळाच्या ठरावाने झाला होता, पण राजपत्रात वा अन्य रीतीने लोकांपुढे कधी प्रसिद्धच झाला नव्हता. लोकांना कळवल्याशिवाय कायदा त्यांच्यावर बंधनकारक करणे हे न्यायाला धरून नाही, असे म्हणून न्यायालयाने आरोपीची शिक्षा रद्द केली. दंड होता अवघा ५० रुपयांचा, पण तत्त्व मोठे होते. कर्नाटकाचे अबकारी नियम राजपत्रात प्रसिद्ध झालेले आहेत, त्यामुळे तो निकाल येथे जसाच्या तसा लागू होतो असे आम्ही म्हणत नाही. त्यामागचा विचार मात्र लागू होतो. कायदा प्रसिद्ध करावयाचा तो कशासाठी? लोकांनी तो जाणावा आणि पाळावा, यासाठीच ना?

आणि हा विचार आमचा एकट्याचा नाही. राज्यपुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे १९५६ च्या निवेदनात आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत मान्य झाली, त्यांत जिल्हा किंवा तालुका पातळीवर किमान १५ टक्के लोकांची जी भाषा असेल, त्या भाषेत महत्त्वाचे कायदे, नियम व सूचना यांचे भाषांतर प्रसिद्ध करावे, असे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी येथे मराठी भाषकांचे प्रमाण या १५ टक्क्यांहून कितीतरी अधिक आहे. हे कायद्याचे कलम नव्हे, राज्यांनी दिलेले वचन आहे. पण वचन पाळले जात नसेल, तर त्याची आठवण करून देणे हे आमचे काम आहे. अबकारी नियम हे 'महत्त्वाचे नियम' नाहीत असे कोण म्हणेल? राज्याच्या तिजोरीत मोठा महसूल ते आणतात आणि ते मोडणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद त्यांत आहे.

महाराष्ट्राबाहेरील इतर मराठी केंद्रांची स्थितीही थोडक्यात पाहण्याजोगी आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने कोकणीस राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद केली. म्हणून तेथे मराठीत नियमपत्रक मागणे ही याचना नव्हे, कायद्याचाच आधार असलेली मागणी आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेयाचा मान दिला. पण सत्तरीत रीतसर परवाना घेऊन चालणारी भट्टी सीमा ओलांडून दोडामार्गात लावली, तर गोव्याच्या परवान्याला तेथे काही किंमत नाही, हे दोन्ही बाजूंच्या बागायतदारांनी ध्यानात ठेवावे. वडोदऱ्याची गोष्ट वेगळी. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९६० नंतर महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांनी वारशाने घेतला. एकाने त्याच कायद्याखाली परवाने दिले, दुसऱ्याने बंदी कायम ठेवली. त्याच वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या काळी, १९३१ मध्ये, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश निघाला. एका संस्थानाला जे त्या काळी जमले, ते आजच्या राज्यांना का जमू नये?

आता आपल्याकडे वळू. दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपले पदर तपासणे आवश्यक आहे.

सीमाभागातील खेड्यांत किराणा दुकानातून, पानाच्या टपरीवरून चोरून मद्य विकले जाते, हे आपण सर्व जाणतो. ढाब्यावर गिऱ्हाइकाने आणलेली बाटली उघडू दिली जाते. त्या जागेत मद्यसेवनाचा परवाना नसेल तर मालकही दोषी ठरतो. असा विक्रेता पकडला गेला की कधी कधी 'आपल्या मराठी माणसावर अन्याय झाला' अशी हाक येते. आम्ही स्पष्ट सांगतो, ही हाक आम्हाला मान्य नाही. ज्याला नियम कळला नाही त्याच्या पाठीशी आम्ही उभे राहू. ज्याने नियम कळूनही मोडला त्याने मराठीचा झेंडा पुढे करू नये. त्याच्या दुकानापायी ज्या घरातली चूल थंड राहते, ते घरही बहुधा मराठीच असते.

गोव्याच्या बाटलीचेही तसेच. कणकुंबी, अनमोड आणि तिकडे इन्सुली या नाक्यांवर पकडल्या जाणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांचे म्हणणे एकच असते : 'रीतसर दुकानातून घेतली, पैसे मोजले, मग गुन्हा कसला?' त्यांना हे कोणी सांगितलेले नसते की गोव्यात भरलेला कर हा गोव्यापुरताच कर आहे. बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असे छापलेले असते, ते याच कारणाने. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क वाढवण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे दोन राज्यांतील किमतींचे अंतर आणि त्याबरोबर मोहही वाढला. या मोहात गाडी जाते आणि गाडीबरोबर घराची कमाई जाते. आपल्या मंडळांनी, वाचनालयांनी हे तरुणांना सांगितले आहे का?

आणखी एक. कन्नड वाचता न येणे हे मराठीवरील प्रेमाचे लक्षण नाही. मराठीचा हक्क मागणे आणि ज्या राज्यात आपण आज राहतो त्याच्या नोटिशीतील शब्द ओळखणे यांत विरोध नाही. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या माणसाने २ नोव्हेंबरला आपल्या दारात आलेला कागद वाचू शकावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ज्या तालुक्यांत १५ टक्क्यांहून अधिक मराठी भाषक आहेत, तेथे परवान्याच्या अटी कन्नडबरोबर मराठीतही दिल्या जाव्यात. या अटींचे कागद मोजकेच असतात, त्यांच्या भाषांतराला मोठा खर्च नाही. निलंबन, दंड आणि जप्ती यांच्या नोटिशीत निदान कृतीचे वाक्य आणि मुदतीची तारीख मराठीत असावी. दुकानाच्या जागेविषयीच्या अंतराच्या अटी ग्रामपंचायतीच्या फलकावर दोन्ही भाषांत लावाव्यात, म्हणजे हरकत घेणाऱ्यांना आपले बळ कशात आहे ते कळेल.

आणि सरकार करील तोवर आपण थांबण्याचे कारण नाही. अबकारी कागदांत नेहमी येणाऱ्या शब्दांची दोन रकान्यांची यादी, एकीकडे कन्नड, दुसरीकडे रोजच्या वापरातील मराठी, एवढे काम निवृत्त शिक्षक आणि आपले वकील मिळून सहज करू शकतील. त्यात 'अमानतु' पुढे ठळक अक्षरांत 'निलंबन, ठेव नव्हे' असे लिहावे. तक्रार किंवा हरकत लिहिताना मराठीत लिहिण्यास कचरू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. उत्तर त्याच भाषेत मिळेल असे त्यात म्हटलेले नाही, म्हणून अर्जाची पोच तारखेसह घ्यावी आणि सोबत कन्नड अनुवाद जोडावा.

१९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते, आणि १९४९ चा तो दारूबंदी कायदा येथेही चालत होता. पुढे राज्य बदलले आणि कायदा बदलला, पण माणसे तीच राहिली. सीमेचा निवाडा न्यायालयात व्हायचा तेव्हा होईल. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून तेथे आहे. तोपर्यंत नूतनीकरणाची मुदत दर वर्षी येणार, नोटिसा येणार, नाक्यावर गाड्या अडवल्या जाणार. त्या कागदांवरचे शब्द आपल्या माणसाला कळावेत, एवढे तरी आपण आज पाहिले पाहिजे.